यवतेश्वरच्या उतारावरचे तीन फोड : एक प्रकरण अभ्यास

एकाच शर्यतीत, एकाच बाईंच्या पायांना तीन फोड आले आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी निघाली. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते यासाठीच. आपल्याकडे पायाला फोड आला की निदान ठरलेलं असतं, ‘बूट चावला’. उपायही ठरलेला असतो, ‘नवीन बूट घे’. इथे तीनपैकी एक फोड नव्या बुटानेच दिला होता.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि पहाटे धावणाऱ्यांच्या एका ग्रुपसोबत काम करते. गुडघे, पोटऱ्या, कंबर यांच्या तक्रारी घेऊन लोक लगेच येतात. फोडांसाठी मात्र सहसा कुणी येत नाही. ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतात, आणि मग टाच वाचवायला पाऊल वाकडं टाकून गुडघा दुखवून घेतात. तेव्हा कुठे माझ्याकडे येतात. या ताई मात्र फोडांसाठीच आल्या होत्या, तेही पुढची शर्यत तीन महिने लांब असताना.

वय ४४, शाळेत शिक्षिका. मधुमेह नाही, पायांना बधिरपणा नाही, त्वचेचा जुना आजार नाही. हे तीन प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते, कारण यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचं असतं. काही वर्षं नियमित धावणं, १० किलोमीटर अगदी आरामात. सपाट रस्त्यावर कधी फोड आला नव्हता. आदल्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला उतरल्या आणि पाय सोलून घेऊन परतल्या.

ज्यांनी ती शर्यत धावली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण या प्रकरणात रस्त्याचा वाटा मोठा आहे. अंतर २१ किलोमीटरच्या जरा वर. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने खाली उतरायचं. म्हणजे पहिला निम्मा भाग बराचसा चढाचा, दुसरा निम्मा उताराचा. पावसाळा पूर्ण सरलेला नसतो. धुकं, भुरभुर, रस्त्याच्या कडेने वाहणारं पाणी. डोळ्यांना याहून सुंदर रस्ता मिळणं अवघड, पण पायांची परीक्षा त्यात तिहेरी होते. चढावर टाच बुटात वरखाली होते, उतारावर पाऊल पुढे सरकतं, आणि या सगळ्या काळात मोजे ओले असतात. ताईंना लागलेला वेळ आणि त्यांच्या पावलांचा वेग धरला तर दोन्ही पायांची मिळून पंचवीस-सत्तावीस हजार पावलं होतात. एवढ्या वेळा एकाच जागी ताण बसला तर बारीक चूकही बारीक राहत नाही.

त्यांनी सांगितलेला क्रम मी जसाच्या तसा लिहून घेतला होता. घाट अर्धा चढल्यावर डाव्या टाचेच्या मागे चुरचुर सुरू झाली. थांबल्या नाहीत. वरच्या सपाटीवर जरा बरं वाटलं. उतार सुरू झाला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक प्रत्येक पावलाला बुटावर आपटू लागलं. त्यानंतर, नेमकं कधी ते त्यांना आठवत नव्हतं, उजव्याच पायाच्या आतल्या कडेला, तळव्याची कमान संपते तिथे जळजळ सुरू झाली. शर्यत पूर्ण केली. मोजा काढताना टाचेची कातडी त्याला चिकटून आली.

घरी आल्यावर त्यांनी जे केलं ते आपल्याकडे सर्रास चालतं. नेलकटरने फोडांवरची सैल कातडी कापून टाकली, वर हळद-तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या. टाचेची जागा चिघळली. शेवटी डॉक्टरांकडे जाऊन औषध घ्यावं लागलं आणि बंद पादत्राण बरेच दिवस घालता आलं नाही. त्यावर परत येईन.

मी त्यांना एकच गोष्ट आणायला सांगितली होती. शर्यतीत घातलेले तेच बूट आणि तेच मोजे, न धुता. फोड भरून आला की पायावर पुरावा उरत नाही, पण बुटात आणि मोज्यात तो शिल्लक असतो.

डाव्या बुटात बोट घातलं तर टाचेच्या मागचं मऊ अस्तर घासून फाटलं होतं आणि आतलं कडक प्लॅस्टिक बोटाला लागत होतं. उजव्या बुटात तसं काहीच नव्हतं, अस्तर शाबूत. उजव्या बुटातलं आतलं तळपट बाहेर काढलं तर त्यावर बोटांचे काळपट ठसे उमटलेले होते आणि दुसऱ्या बोटाचा ठसा तळपटाच्या अगदी काठावर. त्याच तळपटाची आतली कड, कमानीला आधार म्हणून उचललेली असते ती, ओल्याने मऊ होऊन आत मुडपली होती. तिथे एक बारीक घडी कायमची तयार झाली होती. मोजे नेहमीचे, सुती जास्त आणि नायलॉन थोडं असे, ‘फ्री साइज’. टाचेसाठी विणलेला खोलगट भाग त्यांच्या पायात टाचेच्या वर घोट्याकडे येत होता, आणि त्यामुळे उरलेलं कापड कमानीखाली गोळा होत होतं. उजवा मोजा उलटा केला तर बरोबर त्या जागी घासलेल्या धाग्याच्या बारीक गोळ्यांची रांग दिसली. म्हणजे बुटाची घडी आणि मोज्याची घडी एकमेकींवर बसत होत्या.

मग पाय पाहिले. दोन्ही कागदावर उभे करून पेन्सिलीने रेखाटले. उजवं पाऊल डाव्यापेक्षा लांब निघालं. असा फरक अनेकांत असतो आणि बहुतेकांना तो माहीत नसतो, कारण दुकानात एकच पाय घालून पाहतात. शिवाय त्यांचं दुसरं बोट अंगठ्याच्या पुढे जातं. बूट घेताना दुकानदार अंगठा चाचपून ‘जागा आहे’ म्हणतो तेव्हा या पायाच्या बाबतीत तो चुकीचं बोट चाचपत असतो. टाचांना भेगा, कडेने जाड घट्टे. आणि डावा घोटा पुढे कमी वाकत होता, पोटरी आखडलेली. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा अशी साधी चाचणी असते. डाव्या बाजूला पाऊल भिंतीच्या बरंच जवळ आणल्याशिवाय ते जमत नव्हतं. चढावर घोटा जास्त वाकावा लागतो. तो वाकला नाही की टाच लवकर उचलली जाते, आणि बूट सैल असेल तर टाच बूट मागे ठेवून एकटीच वर येते.

बूट सैल का होता, हे विचारल्यावर गोष्ट उलगडली. शर्यतीच्या आधी सिंहगडाच्या घाटात उतारावर सराव करताना त्यांचं ते लांब बोट दुखायला लागलं होतं. कुणीतरी सांगितलं, एक नंबर मोठा घ्या. त्यांनी घेतला. बोटाला जागा मिळाली, पण डावं पाऊल, जे मुळात लहान, ते आता बुटात पोहत होतं. बरं, बोटाचं दुखणंही थांबलं नाही. सैल बुटात उतारावर पाऊल जास्त वेगाने पुढे घसरतं, आणि जागा कितीही ठेवली तरी शेवटी बोटच पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतं. पाऊल मागे धरून ठेवायचं काम बुटाच्या लांबीचं नाहीच, ते वरच्या बाजूच्या लेसचं आहे.

इथे थोडं थांबून फोड होतो कसा ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचे उपाय म्हणजे नुसते तोडगे वाटतील. बहुतेकांची समजूत अशी की बूट कातडीवर घासतो, घासून घासून कातडी सोलवटते आणि फोड येतो. वरून सोलवटणं हा वेगळा प्रकार. फोड आतून होतो. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि बोट न घसरवता पुढेमागे हलवा. कातडी बोटासोबत जाते, खालची हाडं जागेवर राहतात, आणि मधले थर ताणले जातात. बुटात हेच उलट्या बाजूने घडतं. मोजा कातडीला पकडून ठेवतो आणि आतलं हाड पुढेमागे सरकत राहतं. कातडीच्या वरच्या आवरणाच्या आतल्या एका थरात हा ताण हजारो वेळा बसला की तो थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणूनच फोडावरची कातडी शाबूत असते. १९६६ मध्ये सल्झबर्गर या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत माणसांच्या कातडीवर यंत्राने घर्षण करून हे तपासलं. तळहात-तळपायासारख्या जाड कातडीवरच टरारून फोड येतो, पातळ कातडी नुसती सोलवटते, असं त्यातून दिसलं.

यातून दोन गोष्टी निघतात. फोड टाळायचा तर कातडी आणि हाड यांच्यातली ही ओढाताण कमी करायची. आणि ती ओढाताण पायाच्या कोणत्या जागी होते आहे हे आधी शोधायचं, कारण प्रत्येक जागी ती वेगळ्या कारणाने होते. टाचेच्या मागे असेल तर टाच उचलली जाते आहे. बोटाच्या टोकाला असेल तर पाऊल पुढे सरकतंय. कमानीच्या कडेला असेल तर तिथे काहीतरी वस्तू रुतते आहे. चवड्याखाली येणारे फोड आणखी वेगळे, ते ताईंना नव्हते, म्हणून त्यात शिरत नाही.

ओलाव्याचं काय? कोरड्या कातडीवरून कापड बऱ्यापैकी सरकतं. पूर्ण भिजून वरून पाणी वाहत असेल तर तेही सरकतं. सर्वांत वाईट अवस्था मधली, घामाने किंवा भुरभुर पावसाने कातडी ओलसर आणि मऊ झालेली. तेव्हा मोजा तिला घट्ट पकडतो. साताऱ्याच्या त्या हवेत जवळजवळ पूर्ण वेळ हीच अवस्था असते. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या तळव्यांची जी अवस्था वाटेतल्या सेवा-शिबिरांत दिसते, तिच्यामागेही हेच ओलं पाऊल असतं, फक्त तिथे बुटाच्या जागी चपलेचा पट्टा असतो.

उपायांची सुरुवात लेसने केली. फुकटचा उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. धावण्याच्या बुटाला घोट्याजवळ शेवटी एक जास्तीचं भोक असतं. बहुतेकांच्या बुटात ते रिकामंच असतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालायची, बाहेर बारीक फास ठेवायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली-मागे ओढायचं आणि गाठ मारायची. टाच मागच्या कप्प्यात बसते आणि पाऊल पुढे घसरत नाही, तेही पंजावर लेस न आवळता. हे करताना टाच जमिनीवर मागे आपटून, पाऊल बुटाच्या मागच्या बाजूला टेकवून मगच आवळायचं. ताईंनी आधी बूट खुर्चीवर बसून, पाय हवेत ठेवून बांधले होते. फरक त्यांना घरातल्या जिन्यावरच कळला.

बूट मात्र बदलावे लागले. फाटलेल्या अस्तरावर कितीही पट्ट्या लावल्या तरी ते पुन्हा चावणारच होतं. नवीन बूट संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, पाय दिवसभर उभं राहून सुजलेले असताना घेतले. धावण्याचे मोजे घालून, उजव्या पायावर, उभं राहून, आणि मोजलं ते दुसऱ्या बोटापासून. त्याच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. अर्धा नंबर खाली आले. डाव्या पायात त्यामुळे किंचित सैल, तिथे टाचेखाली न घालता बुटाच्या वरच्या पट्टीच्या, म्हणजे जिभेच्या, आतून एक पातळ फोमचा तुकडा चिकटवला. तो पाऊल मागे दाबून धरतो.

मोज्यांवर आमचं बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, ‘मॅडम, सुती कापड घाम शोषतं, मग ते चांगलंच ना?’ शोषतं हे खरं. पण शोषलेलं पाणी धरून ठेवतं, ओलं झाल्यावर फुगतं, आकार सोडतं आणि कातडीला चिकटतं. १९९० च्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या धावपटूंना सुती आणि ॲक्रिलिक मोजे घालून पाहिलं, तेव्हा ॲक्रिलिक मोज्यांत फोड कमी आणि लहान आले. पुढे त्याच अभ्यासकांनी जाड विणीऐवजी पातळ मोजे घेऊन पाहिलं तर हा फरक दिसला नाही. म्हणजे नुसत्या धाग्याला श्रेय देऊन चालत नाही, वीण आणि जाडीही महत्त्वाची. ताईंसाठी आम्ही टाचेचा आकार त्यांच्या नंबरप्रमाणे विणलेले, मध्यम जाडीचे कृत्रिम धाग्याचे मोजे निवडले. डावा-उजवा वेगळा असलेले. किंमत पाहून त्या हबकल्या, पण दोन जोड पुरतात.

उजव्या तळपटाची ती मुडपलेली कड जुन्या बुटासोबतच गेली. नव्या बुटाचं तळपट हाताने चाचपून, कमानीची कड कातडीत रुतणार नाही इतकी मऊ आहे ना ते पाहून घेतलं.

टाचांच्या भेगा आणि घट्टे यांवर मतभेद आहेत. काही जुने धावपटू घट्टे जपतात, ‘कातडी टणक झालीये’ म्हणतात. घट्टा पातळ आणि लवचीक असेल तर ठीक. जाड, कडक, भेगाळलेला घट्टा असेल तर ताण त्याच्या खाली जातो आणि फोड घट्ट्याखाली, खोलवर येतो. तो फोडताही येत नाही आणि सहनही होत नाही. ताईंना रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून घासणीने हलकं घासायचं, मग मलम लावायचं असं सांगितलं. ब्लेडने घट्टे कापायला साफ मनाई केली.

आता तेल, व्हॅसलीन, पावडर आणि चिकटपट्टी. ग्रुपमध्ये सर्वांत जास्त वाद यावरच होतो. व्हॅसलीनने सुरुवातीला घर्षण कमी होतं हे खरं, पण काही तासांत ते मोज्यात शोषलं जातं आणि कातडी मऊ पडून उलट जास्त पकडली जाते. तासाभराच्या धावेला चालेल. तीन तासांच्या घाटाला त्यावर भरवसा ठेवू नये, ठेवायचाच तर बोटांच्या बेचक्यांपुरता. टाल्कम पावडर पावसात गोळे होऊन खड्यांसारखी टोचते, ती मी बादच केली. ताईंनी घाम कमी करणाऱ्या औषधाबद्दल कुठेतरी वाचलं होतं. त्यावर १९९८ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या छात्रांवर झालेला एक चांगला प्रयोग आहे. २१ किलोमीटरच्या पायी कूचनंतर ॲल्युमिनियम क्लोराइड लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, नुसतं बनावट औषध लावणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांना. आकडा मोह पाडणारा आहे. पण त्याच प्रयोगात औषध लावणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांची कातडी चुरचुरली, खाजली. टाच नुकतीच चिघळून बरी झालेल्या माणसाला मी ते देणार नव्हते.

राहिली पट्टी. औषधांच्या दुकानात मिळणारी साधी कागदी मायक्रोपोर पट्टी. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटातल्या २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या शर्यतींत १२८ धावपटूंवर ती तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. त्याच मंडळींच्या आधीच्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नव्हता. त्यामुळे ‘पट्टी लावली म्हणजे झालं’ असं मी कुणाला सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या पायावर पाहावं.

आम्ही तसंच केलं. जुलै-ऑगस्टच्या पावसात सिंहगडाच्या डांबरी घाटात, पहाटे, गाड्यांची गर्दी सुरू होण्याआधी ताई चढ-उतार करायच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट, एकाच पायावर बदलायच्या. लेसची नवी पद्धत आधी फक्त डाव्या पायाला. मग पट्टी फक्त उजव्या पायाला. दोन्ही पाय तेच अंतर, तोच पाऊस, तोच वेग धावतात, त्यामुळे तुलना प्रामाणिक होते. लेसचा फायदा पहिल्याच उतारावर दिसला. मायक्रोपोर बोटाच्या टोकाला छान टिकली. कमानीच्या कडेला मात्र ओल्या मोज्यात तिचा काठ उलटला आणि गुंडाळी होऊन तीच रुतायला लागली. कमानीसाठी मग ताणली जाणारी, जास्त चिकट, कापडी पट्टी घेतली. तिचे कोपरे कात्रीने गोल केले, पाय स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा केला, ती तळव्याखालून वर घेऊन पावलाच्या पाठीवर संपवली, म्हणजे काठ घर्षणाच्या जागेपासून लांब राहतो. लावल्यावर तळहाताने दाबून उबेने चिकटू दिली, आणि मोजा ओढून न चढवता आधी गोळा करून बोटांवरून उलगडत नेला. ओढून चढवला की अर्धी पट्टी तिथेच सुटते. या बारीकसारीक गोष्टी नीट केल्या नाहीत तर पट्टी फायद्याऐवजी तोटाच करते.

डाव्या पोटरीचा ताण रोज, शाळेत मधल्या सुट्टीत भिंतीला हात टेकून. तीन महिन्यांत गुडघा भिंतीला पूर्वीपेक्षा बराच लांबून टेकू लागला. टाचेचा फोड टळण्यात लेसचा वाटा जास्त की पोटरीचा, हे या एका प्रकरणावरून वेगळं करता येणार नाही.

आणि एक नियम, जो मी सर्वांत जास्त वेळा बजावला: चटका बसल्यासारखी जागा लागली की थांबायचं. फोड अचानक येत नाही. आधी तिथे ऊब जाणवते, मग चुरचुर, मग जळजळ. ऊब आणि चुरचुर यांच्यामधल्या त्या थोड्या वेळात काही करता येतं. दोन मिनिटं गेल्याने कुणाचं पदक जात नाही. आदल्या वर्षी ताई घाटात थांबल्या असत्या तर टाच वाचली असती. ग्रुपमधली तरुण मुलं यावर हसतात, ‘वेळ जातो’ म्हणतात. मी त्यांना तेव्हाचे टाचेचे फोटो दाखवले.

शर्यतीच्या दिवशी साताऱ्यात भुरभुर होती. ताईंच्या कमरेच्या पिशवीत पट्टीचे कापून ठेवलेले तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा मोजा. डोक्यावर पाणी ओतायचं असेल तर कमरेत वाकून ओतायचं, सरळ उभं राहून ओतलं की ते पाय ओघळत बुटात जातं, हेही ठरलेलं. चढावर टाच गप्प राहिली. उतारावर बोटाचं टोक लागलं नाही. परतीच्या घाटात उजव्या करंगळीच्या बेचक्यात मात्र चुरचुर सुरू झाली. ही जागा आमच्या हिशेबात नव्हती. त्या रस्त्याच्या कठड्यावर बसल्या, बूट काढला, मोजा पिळण्याइतका ओला होता, तो बदलला, करंगळीला पट्टी गुंडाळली आणि निघाल्या. शेवटी त्या बेचक्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा फोड आलाच, पण बाकी दोन्ही पाय स्वच्छ. कमानीच्या जागी नुसती लाली.

त्या फोडाचं काय करायचं हे त्यांना आता पाठ होतं. लहान आहे, दुखत नाही, तर हात लावायचा नाही, वरून मऊ पट्टी. मोठा, टरारलेला आणि चालू न देणारा असेल तरच पाणी काढायचं. हात साबणाने धुऊन, जागा बेटाडीनने पुसून, निर्जंतुक सुईने फोडाच्या काठाला, खालच्या बाजूला एक-दोन भोकं, हलक्या दाबाने पाणी बाहेर. पहिल्या २४ तासांत पुन्हा भरलं तर पुन्हा काढायचं. वरची कातडी काढायची नाही, कधीच नाही. तीच सर्वांत चांगली पट्टी. तिच्याखाली दोन दिवसांत नवी कातडी धरू लागते आणि साधारण पाच दिवसांत वरचं आवरण पुन्हा तयार होतं. पाणी लालसर असेल, भोवती लाली पसरत असेल, पू दिसत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल तर सुई हातात न घेता डॉक्टरांकडे जायचं. ‘फोडच तर आहे’ असं कुणी म्हणालं की मी १९२४ सालची घटना सांगते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोज्यांशिवाय बूट घालून व्हाइट हाउसच्या आवारात टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि काही दिवसांत तो गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, आज आहेत. पण नेलकटरने सोललेली टाच आणि शाळेच्या मैदानावरची धूळ आजही तशीच आहे.

ताईंना आता जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन धावायची आहे. तिथे पाऊस नसेल, पण दमट हवेत घाम असेल, आणि पेडर रोडचा चढ-उतार सोडला तर रस्ता बहुतेक सपाट. म्हणजे टाच आणि बोट यांची काळजी कमी, चवड्याची जास्त. करंगळीसाठी प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले मोजे आणलेत. ते आधी एकाच पायात घालून डिसेंबरभर सरावात पाहायचे, असं ठरलंय.